यादी वांकिडीवर पडायची

आदिलाबादला आमच्या दफ्तरात कॉम्प्युटरची खोली सगळ्यात थंड होती. मे महिन्यात बाहेर बसणाऱ्यांच्या हाताला फायली गरम लागायच्या आणि मी आत पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसायची. खोलीला पूर्वी दोन खिडक्या होत्या. एसी बसवला तेव्हा सुतारानं त्यांवर प्लायवूड ठोकलं आणि वरून भिंतीचाच रंग मारला. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग होती. सकाळी दहाला चपला बाहेर काढून आत गेलं, की ऊन किती चढलं, कोण आलं, कोण गेलं, काहीच कळत नसे. लोकांना माझा हेवा वाटायचा. दुपारी कोणी ना कोणी काहीतरी निमित्त काढून आत येई, पाच मिनिटं उभं राही, घाम वाळवून जाई.

मी वांकिडीकडची. आमच्या बौद्ध वस्तीतून शिक्षक झालेला पहिला माणूस माझा मोठा भाऊ आणि सरकारी दफ्तरात बसलेली पहिली बाई मी. शाळा मराठी झाली, पुढं चंद्रपूरला मामाकडं राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. तेलुगू बोलायला येत होती, पण वाचताना अक्षर अक्षर जोडावं लागे. दफ्तरात सगळे माझ्याशी हिंदीतच बोलत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी लेक पाच महिन्यांची होती. नवरा मंचेरियलला नोकरीला, तो रविवारी यायचा. मावल्याला आमची भाड्याची खोली होती आणि लेकीला सांभाळायला माझी माय गावाकडून आली होती. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी एक रीत बसवली होती. दीडला जेवणाची सुट्टी झाली की ऑटोनं मावल्याला जायचं, लेकीला पाजायचं, दोन घास खायचे आणि अडीचपर्यंत परत यायचं. सुपरिटेंडेंट साहेबांना ते माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत.

आमच्याकडं शिक्षकांच्या बदल्यांचं काम होतं. कोण किती वर्षं कुठल्या शाळेवर आहे, कोणाची सेवा किती, हे सगळं मंडलवार, म्हणजे तिकडच्या छोट्या तालुक्यांप्रमाणे, भरलेलं असे आणि त्यावरून उन्हाळ्यात यादी निघे. यादीत नाव वर आलं तर माणूस रस्त्यावरच्या गावात येई, खाली राहिलं तर आणखी काही वर्षं डोंगरात. त्यासाठी जो प्रोग्रॅम होता, तो जुना, काळ्या पडद्यावर चालणारा, डॉसचा. तो चांगला चालत होता.

एप्रिलच्या शेवटी हैदराबादहून एक इंजिनियर आला. त्यानं नवीन कॉम्प्युटर बसवला, त्यावर नवीन सिस्टिम टाकली आणि जुन्या कॉम्प्युटरमधला सगळा डेटा त्यात उतरवला. मी विचारलं, "पण आमचा प्रोग्रॅम तर डॉसचा आहे. या सिस्टिमवर डॉस नाही म्हणता, मग तो चालणार कसा?"

तो म्हणाला, "मॅडम, इसके अंदर वर्चुअल मशीन है." मग त्यानं समजावून सांगितलं. नवी सिस्टिम आपल्या पोटात एक खोटं जुनं मशीन उभं करते. आपल्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण नेहमीच्याच डॉसवर चालून राह्यलो. त्याला फरक कळत नाही. त्यानं एका मंडलाची फाइल उघडून दाखवली, ती उघडली. सुपरिटेंडेंटची सही घेतली आणि संध्याकाळच्या बसनं तो गेला. जुना कॉम्प्युटर अटेंडरनं उचलून मागच्या स्टोअररूममध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी बदल्यांची यादी काढायची वेळ आली. मी आसिफाबाद भागापासून सुरुवात केली. प्रोग्रॅम एकेका मंडलाची फाइल उघडायचा, नावं जुळवायचा, ती उघडीच ठेवून पुढच्या मंडलावर जायचा. पडद्यावर मंडलांची नावं एकाखाली एक येत होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं वांकिडी सगळ्यात शेवटी. तिर्याणी झालं, वांकिडी आलं, एक इंग्रजी ओळ लकाकली आणि ती वाचायच्या आत प्रोग्रॅमची काळी खिडकीच मिटली. मागं नुसता निळा पडदा.

मी पुन्हा चालवला. पुन्हा वांकिडीवर. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. पुन्हा वांकिडीवर. चौथ्यांदा चालवला तेव्हा माझ्या मागं सीनियर असिस्टंट येऊन उभा होता, हे मला दिसलं नव्हतं. तो घाम वाळवायला आला होता. तो बाहेर गेला आणि सुपरिटेंडेंटना घेऊन आला.

"क्या हुआ अम्मा?" साहेबांनी विचारलं.

मी त्यांच्यापुढं चालवून दाखवलं. खिडकी मिटली.

"कहाँ बंद हुआ?"

मी उत्तर द्यायच्या आधी सीनियर म्हणाला, "वांकिडी पे, सार. वांकिडी इनकाच मंडल है. इनके भाई उधरीच टीचर हैं. ट्रान्सफर की अर्जी भी दिये हैं."

ते खरंच होतं. दादा वांकिडीच्या डोंगरातल्या एका गोंडी गावात होता. तिथून रस्त्याच्या शाळेवर यायला त्यानं अर्ज केला होता. त्याचा अर्ज मीच टाइप करून भरला होता, जसे बाकी सगळ्यांचे भरले तसाच.

भावासाठी मीच फायलीत काहीतरी केलं, असा सीनियरच्या बोलण्याचा अर्थ होता. साहेब म्हणाले, "हाथ मत लगाओ अब किसी चीज़ को. यहीं बैठो." दुपारचा एक वाजला होता. मी म्हटलं, "सार, दीडला मला घरी..." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मोठ्या साहेबांना आठवड्याच्या आत यादी हवी होती. काय झालं ते ठरल्याशिवाय कॉम्प्युटरची खोली सोडून कोणी जायचं नव्हतं. ते चिडून बोलले नाहीत. ते बाहेर गेले आणि दार आपोआप मिटलं.

दाराला बाहेरून कडी नव्हती. मी उठून गेले असते तर कोणी हात धरून अडवलं नसतं. पण बाहेर सीनियरनं खुर्ची टाकली होती आणि मी निघाले की, पुरावा सोडून पळाली, असं होणार होतं. मी बसून राहिले. समोर कॉम्प्युटर, त्याला हात लावायचा नाही. दोन वाजले तसा छातीत दगड बसल्यासारखा ताण आला. मग ब्लाउज ओला झाला. एसीचा वारा त्या ओल्या जागेवर लागत होता. मी पदर घट्ट ओढून घेतला. दोनदा कोणी काहीतरी विचारायला आलं आणि माझ्या पदराकडं बघून लगेच मागं फिरलं. सहा वाजता साहेब म्हणाले, जा, सकाळी ये.

घरी माय लेकीला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत होती. "काऊन उशीर केला वं? लेकरू रडून रडून निपचित पडलं. चमच्यानं साखरपाणी देल्लं मी."

मी तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "काम होतं माय. उद्याही यायला जमते का नाही, माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी हैदराबादला इंजिनियरला फोन लावला. तो फोनवरूनच म्हणाला, एका मंडलावरच पडते म्हणजे त्या मंडलाचा डेटा खराब असेल. सिस्टिम तर नवी आहे, तिचा काही दोष नाही. झालं. आता हैदराबादच्या माणसानंही वांकिडीचंच नाव घेतलं होतं. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याला लवकर फोन ठेवायचा होता, एवढंच.

अकराला सीनियर एक कागद घेऊन आत आला. तेलुगूत लिहिलेला, अर्धं पान. खाली माझं नाव आणि सहीची जागा. तो म्हणाला, "कुछ नहीं, सिर्फ क्या हुआ वो लिखा है. साइन करो, बात खतम. घर जा सकते तुम."

घर हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला का, ते मला आजही सांगता येत नाही. मी पेन उचललं होतं. अंगभर ताप आल्यासारखं वाटत होतं, छाती दुखत होती, आणि सही केली तर पंधरा मिनिटांत मी मावल्याला पोचणार होते. मी कागद जवळ ओढला आणि बोट ठेवून अक्षरं जोडायला लागले. तारीख. दफ्तर. वांकिडी मंडल. मग तीन शब्द आले आणि मी ते दोनदा जोडले. ना पोरपाटु वल्ल. माझ्या चुकीमुळं.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"तो क्या हुआ, बात तो वहीच है."

"मी सही नाही करत."

सीनियर कागद तिथंच माझ्यासमोर ठेवून गेला. दीड वाजून गेला, दोन वाजले. तो कागद तिथंच होता.

अडीचच्या सुमाराला अटेंडरनं दार ढकललं. "मॅडम, तुमची आई आली." मी बाहेर आले तर माय व्हरांड्यात उभी. मावल्याहून पायी आली होती. लेकीवर ओलं फडकं टाकलेलं, मायचा चेहरा लाल झालेला. अटेंडर तिला आत सोडत नव्हता, ती त्याच्याशी भांडत नव्हती, नुसती उभी होती. मला बघून एवढंच म्हणाली, "हे आता पाणी घेत नाही."

सुपरिटेंडेंट आपल्या टेबलावरून बघत होते. ते उठले. मला म्हणाले, स्टोअररूममध्ये जा, तिथं कोणी येत नाही. मग सीनियरकडं बघून म्हणाले, तू इकडं बस.

स्टोअररूममध्ये मोडक्या खुर्च्या आणि जुन्या मिसलींचे, फायलींचे गठ्ठे होते. मी एका गठ्ठ्यावर बसले. लेकीनं आधी तोंड फिरवलं, मग घेतलं. माय दाराला पाठ लावून बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास नीट चालला होता. समोर भिंतीशी जुना कॉम्प्युटर ठेवला होता, त्यावरचं कव्हर अर्धं सरकलं होतं. मी त्याच्याकडं नुसतीच बघत होते, आणि बघता बघता मनात आलं, की मागच्या वर्षी याच्यावर हीच यादी काढली होती, वांकिडी तेव्हाही शेवटीच होतं, आणि हा कधी पडला नाही.

मग दुसरी गोष्ट मनात आली. वांकिडी शेवटी असतं. यादी तिथं पडते, ते वांकिडी आहे म्हणून, की ते शेवटी आहे म्हणून?

हे तपासायला पाच मिनिटं लागली असती. मंडलांचा क्रम एका छोट्या फायलीत लिहिलेला होता, तो बदलायचा. पण मीच फायलीत हात घातला आणि यादी निघाली, तर सगळे म्हणणार, बघा, हिनंच बिघडवलं होतं आणि आता हिनंच नीट केलं. न करावं तरी मी अडकलेली, करावं तरी अडकलेली. लेक झोपली. मी तिला मायच्या मांडीवर दिलं आणि सुपरिटेंडेंटच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

"सार, मी हात नाही लावत. तुम्ही टाइप करा. मी सांगते."

त्यांनी आयुष्यात कधी कीबोर्डला हात लावला नव्हता. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती त्यांची. मला वाटलं, नाही म्हणतील. ते चष्मा पुसत उठले, बाहेर चपला काढल्या आणि माझ्या खुर्चीवर बसले. मी मागं, हात पाठीशी बांधून. सीनियर दारात उभा. एका बोटानं साहेबांनी क्रमाची फाइल उघडली. "डब्ल्यू किधर है?" मी सांगितलं, वरच्या ओळीत, क्यूच्या शेजारी. वांकिडीचं नाव शेवटून काढून सगळ्यात वर लिहायला त्यांना किती तरी वेळ लागला. दोन अक्षरं चुकली, पुसली, पुन्हा लिहिली.

मग प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर पहिलंच नाव वांकिडी आलं आणि पुढं गेलं. काही झालं नाही. आसिफाबाद गेलं. एकेक मंडल जात राहिलं. शेवटी तिर्याणी आलं, आणि खिडकी मिटली.

साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तिर्याणी में तुम्हारा कौन है?"

"कोणी नाही, सार."

त्यांनी सीनियरकडं पाहिलं. सीनियर म्हणाला, एकदा तिर्याणी वर घेऊन बघा. साहेबांनी तसंही केलं. आता दुसरंच मंडल शेवटी होतं आणि खिडकी त्याच्यावर मिटली. मी मोजून दाखवलं. प्रत्येक वेळी तेवढ्याच फायली उघडतात आणि पुढची उघडताना पडतं. नावाचा काही संबंध नाही. या खोट्या मशीनला इतक्या फायली एकदम उघड्या ठेवता येत नाहीत.

"पुराने में कैसे चलता था?" साहेबांनी विचारलं.

तेच शोधायचं होतं. आम्ही सगळे स्टोअररूममध्ये गेलो. माय लेकीला घेऊन उठून उभी राहिली, साहेब तिला म्हणाले, बैठो अम्मा, बैठो. अटेंडरनं बाहेरून वायर ओढून आणली. जुना कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला. मी सांगत गेले, साहेब एका बोटानं दाबत गेले. सुरू होताना ते मशीन एक चार-पाच ओळींची फाइल वाचायचं. ती पडद्यावर आणली. त्यात एक ओळ होती, एका वेळी किती फायली उघड्या ठेवायच्या त्याची, आणि पुढं मोठा आकडा. कोणी तरी कधी तरी, मी यायच्या आधी, ती ओळ लिहून ठेवली होती.

इंजिनियरनं सगळा डेटा उतरवला होता आणि ती फाइलही उतरवली होती. नव्या कॉम्प्युटरमध्येही ती जिथल्या तिथं होती, तोच आकडा. तरी पडत होतं. तिथं मी पुन्हा अडले. घड्याळात साडेचार झाले होते आणि मला वाटलं, आता संपलं, आता तो कागद पुन्हा पुढं येणार.

साहेब म्हणाले, "उसको फोन लगाव." या वेळी फोनवर मी बोलले. मी डेटाचं नावच काढलं नाही. विचारलं, "तुमचं ते वर्चुअल मशीन सुरू होताना कुठली फाइल वाचतं? जुन्या मशीनवाली, की दुसरी?"

त्यानं पलीकडं कागद चाळले. मग म्हणाला, दुसरी. त्याची स्वतःची वेगळी असते, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये. त्यानं नाव सांगितलं. मी ते साहेबांच्या पॅडवर लिहून घेतलं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, वो मैं देखना भूल गया था शायद." मी म्हटलं, हे तुम्ही साहेबांना सांगा, आणि फोन त्यांच्या हातात दिला.

ती फाइल सापडली. त्यात आकडा लहान होता. साहेबांनी तो पुसून मोठा लिहिला. प्रोग्रॅम चालवला, आणि तो पुन्हा पडला. सीनियरनं जोरात श्वास सोडला. मी पडद्याकडं नीट पाहिलं. मग लक्षात आलं, की काळी खिडकी आधीपासून उघडीच होती. ती जुनाच आकडा वाचून बसली होती. ती मिटवली, नवी उघडली. तिर्याणी गेलं, वांकिडी गेलं, मंडलं जात राहिली, शेवटचंही गेलं, आणि प्रिंटर करकरायला लागला.

यादी निघाली. साहेबांनी उभं राहून पहिलं पान फाडलं, वाचलं, आणि ते वांकिडीच्या नावांवर बोट फिरवत दादाच्या नावापाशी थांबले. नाव खालच्या बाजूला होतं. त्याच्यापेक्षा जास्त वर्षं डोंगरात काढलेले बरेच जण होते. साहेबांनी ते पान सीनियरला दिलं. तेलुगूतला तो कागद मी टेबलावर शोधला, तो नव्हता. कोणी उचलला ते मी विचारलं नाही. माफी कोणी मागितली नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

दादा पुढच्या महिन्यात आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ लेकीला खेळवत राहिला. मग म्हणाला, "माहं नाव खाली राह्यलं ते बरं झालं. वर आलं असतं, तं तुले इथं जगू नसतं देल्लं लोकायनं." तो अजून तीन वर्षं त्याच गावात राहिला.

लेकीनं मात्र त्या दोन दिवसांनंतर अंगावर पिणं कमी केलं. माझंही दूध आटत गेलं. माय म्हणे, होते असं कधी. मला ते पटलं नाही, पण वाद कोणाशी घालणार.

आणि दफ्तरात मी हुशार ठरले. त्याचा असा परिणाम होईल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता काहीही बिघडलं, की मलाच बोलवत. रजेचा अर्ज दिला, की शेरा येई, कॉम्प्युटरचं काम जाणणारं दुसरं कोणी नाही. नणंदेच्या लग्नाला मी एका दिवसात जाऊन आले. दुपारी घरी जायची सवलत हळूहळू सुटली, कारण दुपारीच कोणाला तरी काहीतरी छापून हवं असे. मी टपालाच्या टेबलावर बदली मागितली. दोनदा मागितली, दोनदा तोच शेरा.

मग मी ठरवलं, दुसरं कोणी जाणणारं तयारच करायचं. शिकायला कोणी येत नव्हतं. आला तो फक्त सीनियर. त्याला का यावंसं वाटलं, त्यानं सांगितलं नाही. जवळजवळ वर्षभर रोज तासभर तो माझ्या शेजारी स्टुलावर बसला. वहीत तेलुगूत लिहून घ्यायचा. चुकला की पुन्हा विचारायचा, लाजायचा नाही. मला तो आवडत नव्हता, पण तो मन लावून शिकत होता हे मी नाकारू शकत नव्हते. वर्चुअल मशीनचं मी त्याला दोनदा सांगितलं, फाइल कुठली, आकडा कुठला. त्यानं ते लिहून खाली रेघ मारली.

पुढच्या उन्हाळ्यात यादी त्यानं एकट्यानं काढली. माझा तिसरा अर्ज मंजूर झाला आणि मी टपालाच्या टेबलावर आले.

दोन-अडीच वर्षांनी एका दुपारी सीनियर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीचं लग्न निजामाबादला ठरलं होतं, महिन्याची रजा मागितली होती, ती आठ दिवसांची मंजूर झाली होती. त्यानं अर्ज माझ्यापुढं धरला. त्यावरचा शेरा मी वाचला. शब्द न शब्द तोच होता, माझ्या अर्जांवर यायचा तो, जणू मी तिथं नव्हतेच.

तो म्हणाला, "अब क्या करना अम्मा?"

मी त्याला बसायला सांगितलं आणि अटेंडरला दोन चहा आणायला पाठवलं.